पायडल दाबल्यावरचा आवाज

क्लचचं पायडल दाबल्यावर गाडीच्या पोटात काय होतं, हे जन्मभर गाडी चालवलेल्या भल्याभल्यांना सांगता येत नाही. माझा नातू इंजिनिअर आहे. त्यानं मला कागदावर चित्र काढून समजावलं. मी म्हटलं, बाबू, चित्र बरोबर आहे, पण हे बेअरिंग हातात धरून तू कधी फिरवलं का? तो नाही म्हणाला. म्हणून आता मीच सांगतो. शाळेत मी तिसरीपर्यंत गेलो, तेही पुरं नाही. पण या एका वस्तूबद्दल माझी चूक कोणी काढू शकणार नाही. एकदा मी चुकलो होतो, तेही सांगणारच आहे.

इंजिन सुरू असलं की ते फिरतच असतं. गिअर बदलायचा तर इंजिन आणि गिअरबॉक्स यांना घडीभर वेगळं करावं लागतं. पायडल दाबलं की आत एक फोर्क, म्हणजे दोन फाट्यांचा दांडा, सरकतो आणि क्लचची बोटं आत ढकलतो. आम्ही त्यांना बोटंच म्हणायचो, तीन असायची. ही बोटं इंजिनाबरोबर गरगर फिरतात. फोर्क नुसता पुढं-मागं होतो, फिरत नाही. न फिरणाऱ्यानं फिरणाऱ्याला दाबायचं, तर दोघंही घासून जळून जातील. म्हणून मधे रिलीज बेअरिंग. दोन कड्या, मधे छर्रे. एक कडी फोर्ककडं गप्प उभी, दुसरी बोटांना टेकली की त्यांच्याबरोबर फिरू लागते. पायडल सोडलं की बेअरिंग मागं येऊन आराम करतं. ड्रायव्हर उगाच पाय टेकवून बसला तर बिचारं विनाकारण राबतं आणि लवकर मरतं.

ते मरायला लागलं हे ओळखायचं कानानं. गाडी उभी, इंजिन सुरू, गिअर काढलेला. पायडल दाबल्यावर आवाज आला, तर रिलीज बेअरिंग. सोडल्यावर आला आणि दाबल्यावर थांबला, तर गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग. एवढं सोपं आहे. अमरावतीत राजापेठेच्या बाजूला मी सहा वर्षं काम शिकलो, तिथं पहिल्याच महिन्यात हे माझ्या डोक्यात बसलं होतं.

त्याच्या आधी चार वर्षं मी अकोटला कापसाच्या जिनिंगमध्ये होतो. बाप तिथंच हमाल. एका लांब टिनाच्या शेडमध्ये सरकी काढणाऱ्या जिनांची ओळ, वर पट्टे, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत असा कल्लोळ की शेजारच्याशी बोलायचं तर हातानं बोलावं लागे. घरी आलो की कानात रातकिडे ओरडायचे. मला वाटायचं, सगळ्यांच्याच कानात ओरडत असतील. कोणाला विचारायची गोष्ट आहे का ती?

साठ-एकसष्ट साल असेल. मी अकोल्यात, अकोटकडं जाणाऱ्या रस्त्याला, स्वतःचं गॅरेज टाकलं. चार खांबांवर टिनं, मागं एक खोली, खोलीत आम्ही दोघं. छप्पन सालच्या धम्मदीक्षेनंतर आमच्या घराण्यात नव्या रीतीनं झालेलं पहिलं लग्न आमचं. आणि दारावर धंद्याची पाटी लागलेलाही घरातला पहिला मीच. पाटी रंगवून झाली तेव्हा बाप अकोटहून आला. त्याला वाचता येत नव्हतं. तो पाटीवरून हात फिरवत उभा राहिला आणि ओला रंग बोटांना लागला तो त्यानं दिवसभर धुतला नाही. मी तेव्हापासून पायात मिलिटरीच्या मोडीतले जाड बूट घालू लागलो. मिस्त्री दिसला पाहिजे ना.

माझं पहिलं बांधलेलं गिऱ्हाईक म्हणजे अकोटचा एक चाचा. साठीला टेकलेला, दाढी मेंदीनं लाल, जीभ कात्रीसारखी. स्वतःचा जुना ट्रक. हंगामात अकोटहून रुईच्या गाठी अकोल्याला आणायच्या, हेच त्याचं काम. त्या रस्त्यावरच्या सगळ्या ट्रकवाल्यांत त्याचा शब्द चाले. चाचानं नाव घेतलं तर चार गाड्या येत, नाव ठेवलं तर एकही येणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

हंगामाच्या तोंडावर चाचा ट्रक घेऊन आला.

"पायडल दाबलं का चिरचिर करते, गा. पाह्यजो जरा."

मी खाली शिरलो. लाकडी दांडा क्लचच्या हाऊसिंगला, म्हणजे बाहेरच्या खोळीला, टेकवला, दुसरं टोक कानाला. वरून चाचानं पायडल सोडलं, घरघर आली. दाबलं, घरघर थांबली. पुन्हा सोडलं, पुन्हा आली.

"गिअरबॉक्सचं बेअरिंग हाये," मी बाहेर येऊन म्हटलं.

"अरे, पण मी दाबतो तवा ओरडते!"

"दाबता तवा शांत होते, चाचा. मी काय झोपलो होतो खाली?"

"शांत?" चाचानं डोळे मोठे केले. "हे शांत? सुन तर! चिर्रर्र, चिर्रर्र!"

"तुमी ट्रक चालवा. दुरुस्ती मी करतो."

असा बोललो. आज लिहितानाही कानशिलं गरम होतात.

रिलीज बेअरिंग बदलायचं असो का गिअरबॉक्सचं, गिअरबॉक्स खाली उतरवावाच लागतो. उतरवला. पुढचं बेअरिंग बदललं. ते जुनं काही फार वाईट नव्हतं, पण माझं मन मी वळवून घेतलं. रिलीज बेअरिंग समोरच होतं. हातात घेऊन फिरवलं, गुळगुळीत फिरलं. हातात ते फिरणारच, त्याच्यावर दाब कुठं असतो? त्याला धूळ, काळपट वंगण चिकटलेलं. मला घाण खपत नाही. घासलेटच्या डब्यात बुडवलं, ब्रशनं घासलं, चांदीसारखं चमकवलं, पुसून जागेवर बसवलं.

या बेअरिंगला ग्रीस भरायला बाहेरून तोंड नसतं. कारखान्यात एकदा भरलेलं ग्रीस, तेवढ्यावर त्याचा जन्म. ते मी घासलेटनं धुवून टाकलं होतं.

आठव्या दिवशी ट्रक परत आला. समोरच्या चहावाल्यानं रस्त्यापलीकडून कानांवर हात ठेवले, हे मी पाहिलं. चाचा खाली उतरला तो पेटलेलाच.

"आधी चिरचिर करे, आता बकरं कापल्यावानी ओरडून राहिली! काय दुरुस्ती केली बे तू? कान कुठं गहाण ठेवून आला?"

"चालू ठेवा, पाहतो."

"पाहू नको, ऐक! पाहाच्यासाठी मी पोरगी घेऊन आलो का?"

चहावाल्याकडची माणसं हसली. मी पुन्हा खाली शिरलो. पुन्हा तेच. सोडलं की घरघर, दाबलं की शांत. माझ्यासाठी शांत. एवढी माणसं कानांवर हात ठेवतात आणि मला काहीच ऐकू का येत नाही? बाहेर येऊन मी फक्त म्हटलं, "गाडी ठेवून जा."

"ठेवतो. पण सुन. परवापर्यंत झाली नाही ना, तर अमरावतीले नेईन अन् अकोटापर्यंत एकेकाले सांगत जाईन, का त्या नव्या पाटीखाली बसू नका."

चाचा चहा प्यायला गेला. दांडा घेऊन खाली निजायचं तर वर पायडल दाबायला कोणी हवं, आणि माझ्या हाताखाली कोणी नव्हतं. माझी बायको मागच्या खोलीतून भाकर घेऊन आली तेव्हा मी तिलाच म्हटलं, "चढ वर. सांगीन तवा ते डावीकडचं दाब."

तिनं आजूबाजूला पाहिलं. त्या काळी बाईमाणसानं ट्रकच्या स्टेअरिंगमागं बसायचं म्हणजे काय, हे आज कळायचं नाही. चहावाल्याकडून कोणीतरी म्हणालंच, "वा रे वा, ड्रायव्हरीनबाई!" तिनं लुगडं खोचलं, चप्पल खाली काढून ठेवली, कारण पोट भरणाऱ्या वस्तूवर चपलेनं चढायचं नाही ही तिची रीत, आणि अनवाणी वर चढली.

"दाब!"

शांत.

"सोड!"

घरघर.

"पुन्हा दाब!"

पुन्हा शांत. मी खालून ओरडलो, "आता येऊन राहिला का काही आवाज?"

वरून उत्तर आलं नाही. मी बाहेर आलो. ती दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरून, पायडल दाबून तशीच बसली होती आणि माझ्याकडं बघत होती. तिला तो आवाज येत होता, आणि मला येत नाही हेही तिला दिसत होतं. तिनं "येऊन राहिला" म्हटलं असतं तर चहावाल्याच्या बाकावरून चाचानं ते ऐकलं असतं, आणि मिस्त्रीला ऐकू येत नाही हे रस्ताभर झालं असतं.

"आवाजाचं मले काय समजते, अजी," ती म्हणाली. "पण माह्या तळव्याले मुंग्या येऊन राहिल्या. तुमी पाहा बरं पाय ठेवून. बूट काढून."

मी काढले नसते. पण ती जागेवरून सरकली आणि पायडलकडं बोट दाखवून थांबली. मी नाड्या सोडल्या, मोजा काढला, पाय ठेवून दाबलं.

तळव्याखाली खरखर होती. वाळूवर पाय घासावा तशी. हळू दाबलं तर हळू, पूर्ण दाबलं तर टाचेपर्यंत. सोडलं की काही नाही. कान नसलेल्या माणसालाही कळलं असतं. पायडलपासून दांड्यानं फोर्क, फोर्कपुढं बेअरिंग, सगळं एका ओळीत लोखंड. आत जे मरत होतं ते सरळ माझ्या पायात बोलत होतं. शिकलो तेव्हा सगळं लक्ष कानाकडं, आणि पाटी लागल्यापासून पायात जाड बूट.

"रिलीज बेअरिंग हाये," मी म्हटलं.

"असंन," ती म्हणाली, आणि खाली उतरून चप्पल घालून आत गेली.

दुपारभर एकट्यानं गिअरबॉक्स उतरवला. जॅक, लाकडाची ठोकळी आणि माझी छाती. बेअरिंग काढलं तर कोरडं ठणठणीत, एक कडी निळी पडलेली. घासलेटचा डबा बाजूलाच होता. मी लाथ मारून तो नालीत सांडला.

दिवा लावायच्या वेळेला मी खोलीत जाऊन बसलो. ती चुलीशी होती. मी विचारलं, "तुले कवापासून मालूम?"

काय ते, असं तिनं विचारलं नाही. "लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून."

"कसं?"

"मी मागून बांगड्या वाजवो, तुमी वळा नाही. मले वाटे राग आला यायले माह्या कशाचा तरी. काय चुकलं म्हणून मी दिवसभर इचार करो. मंग एकदा मले सर्दी झाली, घसा बसला पुरा. अन् त्या दिवशी तुमाले माह्यं सगळं ऐकू आलं. एका हाकेत उठले तुमी."

ती तव्यावरची भाकर उलटवत होती. "तवापासून मी घसा बसल्यावानीच बोलते."

मी काय सांगू. शेजारच्या बाया तिला मागून भोंगा म्हणत. माझी आई आली की म्हणायची, पोरगी दिसायला बरी आहे पण आवाज बाप्यासारखा. आणि मी, मीसुद्धा एकदा पाहुण्यांसमोर म्हटलं होतं, बाईच्या जातीनं जरा नाजूक बोलावं. तेव्हाही ती काही बोलली नव्हती. नाजूक बोलली असती तर मला कळलंच नसतं, ती काय म्हणते ते.

मला आधी राग आला. खोटं कशाला सांगू? "म्हंजे मी बहिरा," मी म्हटलं. "पाटी काढून टाकतो उद्या. जातो बापासंगं गाठी उचलाले."

"बहिरे कुठं हा तुमी? बारीक तेवढं येत नाही, जाड सारं येते." तिनं भाकर माझ्या ताटात टाकली. "गाडीत जाड आवाज जास्त राह्यते का बारीक?"

मी विचार करू लागलो. रागात असूनही करू लागलो. इंजिनाचा ठोका जाड. गिअरबॉक्स जाड. मागचा डिफरन्शिअल जाड.

"जाड जास्त."

"मंग झालं तर. बारीक मी सांगत जाईन. अन् पाय तर हायेच."

"लोक काय म्हणतीन? मिस्त्रीची बायको गाडी ऐकते?"

"लोकं आताबी काही कमी म्हणत नाही मले," ती म्हणाली आणि हसली. मी तिचं हसणं पाहिलं. खांदे हलले, डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं अमरावती गाठली. नवं बेअरिंग कागदात गुंडाळलेलं, मेणचट ग्रीसच्या वासाचं, मांडीवर ठेवून आणलं. बाजूच्या बाईच्या मांडीवर तिचं बाळ होतं. तिनं दोनदा माझ्या पुडक्याकडं पाहिलं. बसवताना हातोडी लावली नाही. लाकडाचा गुटका ठेवून, कडी वाकडी होणार नाही असं हळूहळू दाबत नेलं. ज्या नळीवरून ते सरकतं तिला ग्रीस लावलं, तेही बोटाच्या टोकावर राहील एवढंच. जास्त लावलं तर उडून क्लचच्या प्लेटवर जातं आणि क्लच घसरतो. मग गिअरबॉक्स चढवला, आणि पायडल दोन बोटं दाबेपर्यंत मोकळं राहील असं पायडलचा दांडा फिरवून जमवलं, म्हणजे बेअरिंगला आराम मिळावा.

ठरल्या दिवशी चाचा आला. मी त्याला हातानंच चढायची खूण केली. इंजिन सुरू केलं. चाचानं पायडल दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. मान तिरपी करून ऐकलं.

"बंद झाली बे! एकदम बंद! ऐक!"

इथं मला गप्प बसता आलं असतं. चाचाचा चेहरा खुलला होता, माझं नाव शाबूत राहिलं होतं. ती मागं टिनाच्या पडद्याआड भांडी घासत होती. का कोण जाणे, तिनं वर्षभर आपला गळा दाबून ठेवला आणि आपण मात्र मोकळ्या गळ्यानं खोटं बोलायचं, हे मला जमेना.

"मले नाही समजत, चाचा," मी म्हटलं.

"म्हंजे?"

"मले बारीक आवाज येतच नाही. पहिल्यांदा आले तवाबी नव्हता आला. तुमी खरं सांगून राहिले होते, मी खोटा. अन् बेअरिंग घासलेटात मी धुतलं, म्हणून ते मेलं. हे आता पायानं तपासलं मी. बूट काढून."

चाचानं इंजिन बंद केलं. खाली उतरला. माझ्या अनवाणी पायांकडं पाहिलं, मग माझ्या तोंडाकडं. मला वाटलं, गेलं सगळं.

"इकडं ये," तो म्हणाला आणि मला चाकाच्या आड नेलं. "किसीको बोलना मत. दोन सालापासून मले डाव्या डोळ्यानं धुकं दिसते."

"काय?"

"धुकं. त्या बाजूनं सायकलवाला आला असंन असं समजून मी हॉर्न मारत जातो. असो का नसो."

"अन् तुमी भरला ट्रक घेऊन रोज अकोटाहून येऊन राहिले!"

"अन् तू बिना कानाचा त्याची दुरुस्ती करून राहिला! मले काय मालूम, मी कोणाच्या भरोशावर चालवतो?"

"चाचा, पहिले डोळा दाखवा."

"तू कान दाखव."

"दाखवतो."

"तर मीबी दाखवतो. अन् पुढच्या हप्त्यात ब्रेक पाहाचे हायेत. इथंच आणतो गाडी. पण तुह्या पायावर भरोसा नाही, बेटीले बसवजो."

मग चाचानं एकदम मान वळवली, टिनाच्या पडद्याकडं. मला काहीच ऐकू आलं नव्हतं.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. बेटीनं सारं ऐकलं. हसून राहिली ते."

"कशी?"

चाचा थोडा वेळ कान देऊन उभा राहिला, नीट सांगता यावं म्हणून.

"बारीक," तो म्हणाला. "एकदम बारीक. लहान पोरीवानी."